बाबागाडीपेक्षा मोठे खर्च
परदेशातला संसार : लेखांक ६

बर्मिंगहॅममधल्या मराठी घरात गोड बातमी कळली की यादी सुरू होते ती बाबागाडी, पाळणा आणि मोटारीतल्या सीटपासून. हे खर्च आटोक्यात राहतात. झबली-टोपडी, दुपटी, बाबागाडी ओळखीतून किंवा चॅरिटी दुकानातून बिनधास्त घ्यावीत. मोटारीतली सीट तेवढी नवी घ्या. जुन्या सीटला अपघाताचा धक्का बसला होता की नाही, हे वरून दिसत नाही.

खरी खोट बसते ती आईच्या पगारात. नोकरदार आईला कायद्याने ३९ आठवडे प्रसूतिवेतन मिळतं: पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के आणि पुढचे ३३ आठवडे, २०२५-२६च्या दराने, आठवड्याला जास्तीत जास्त १८७.१८ पौंड. वर्षाला ३० हजार पौंड पगार असलेल्या आईचा हिशेब मांडून पाहा. ३९ आठवड्यांत एरवी साडेबावीस हजार आले असते, तिथे साधारण ९,३०० येतात. तेरा हजारांहून जास्त तूट, आणि घरभाडं तेवढंच. काही कंपन्या यापेक्षा जास्त देतात, म्हणून नेमणुकीचं पत्र दिवस राहण्याआधीच काढून वाचावं. प्रसूतीच्या अपेक्षित आठवड्याच्या १५ आठवडे आधीपर्यंत त्याच नोकरीत सलग २६ आठवडे झालेले नसतील, तर हे वेतन मिळत नाही. मग सरकारकडे ‘मॅटर्निटी अलाउन्स’साठी अर्ज करता येतो.

इथेच आपली माणसं कचरतात. व्हिसावर ‘सार्वजनिक निधी नाही’ असा शिक्का असतो, त्यामुळे हक्काचंही मागायची भीती वाटते. प्रसूतिवेतन आणि मॅटर्निटी अलाउन्स या निधीत मोडत नाहीत. एजबॅस्टनच्या विमेन्स हॉस्पिटलमधलं बाळंतपणही उपकाराचं नाही. त्यासाठी प्रत्येक प्रौढामागे वर्षाला १,०३५ पौंडांचा आरोग्य अधिभार आपण व्हिसाबरोबरच भरलेला असतो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर वर्षभर औषधं आणि दातांचे उपचार मोफत असतात. त्याचं प्रमाणपत्र सुईणीकडून वेळेत मागून घ्या.

चाइल्ड बेनिफिटचं मात्र उलट आहे. २०२५-२६च्या दराने पहिल्या मुलामागे आठवड्याला २६.०५ पौंड, रक्कम लहानच. पण ती सार्वजनिक निधीत मोडते. नवरा-बायको दोघांच्याही व्हिसावर तो शिक्का असेल तर अर्ज करू नये, त्याने व्हिसाची अट मोडते.

बाळाचे कागद हा वेगळाच खर्च. १ जानेवारी १९८३ पासून इथे जन्मलेलं प्रत्येक मूल आपोआप ब्रिटिश होत नाही. आई-वडील दोघंही तात्पुरत्या व्हिसावर असतील तर नाहीच. ४२ दिवसांत जन्मनोंद करायची, दाखल्याला १२.५० पौंड. मग वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद, पासपोर्ट, आणि त्यावर व्हिसा. मुलाचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, म्हणजे तीन वर्षांच्या व्हिसासाठी २,३२८ पौंड, तेही एकरकमी. व्हिसाचं शुल्क वेगळं. अधिभार भरलेल्या आई-वडिलांच्या बाळाला पहिले तीन महिने सरकारी उपचार मोफत असतात, तेवढ्यात अर्ज उरकावा. ‘हेल्थ अँड केअर’ व्हिसावरच्या डॉक्टर-परिचारिकांच्या कुटुंबांना हा अधिभार माफ आहे.

वरचं दूध द्यावं लागलं तर महागड्या डब्याचा आग्रह धरू नका. इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पहिल्या टप्प्याच्या दूधपावडरीला पोषणाचे तेच कायदेशीर निकष पाळावे लागतात. नामांकित ब्रँड सोडून स्वस्त डबा घेतला तर वर्षाला सुमारे ३०० पौंड वाचू शकतात, असं स्पर्धा नियामकाने फेब्रुवारी २०२५च्या अहवालात सांगितलं.

रजा संपली की पाळणाघर. नोकरदार आई-वडिलांच्या नऊ महिन्यांपुढच्या बाळांना सप्टेंबर २०२५ पासून आठवड्याला ३० तास अनुदानित मिळतात, वर्षातले ३८ आठवडे. दोघांच्याही व्हिसावर तो शिक्का असेल तर हे तास मिळत नाहीत आणि पूर्ण फी भरावी लागते. तीन वर्षं पूर्ण झाल्यानंतरच्या सत्रापासूनचे १५ तास मात्र व्हिसा कोणताही असो, प्रत्येक मुलाला मिळतात. पुढच्या आठवड्यात या पाळणाघरांबद्दल.