बारा बोअरमधले ‘बारा’ कशाचे?

जुनी बंदूक दिसली, की कुणीतरी ‘बारा बोअरची!’ म्हणतंच. हे बारा कशाचे? एक पौंड शिशाचे १२ सारखे गोळे करा. त्यातला एक ज्या नळीत नेमका बसेल, ती बारा बोअर. व्यास सुमारे १८.५ मिमी. २० गोळे केले तर प्रत्येक लहान, म्हणून वीस बोअरची नळी अरुंद.

बहुतेक नळ्या तोंडाशी आतून किंचित आवळलेल्या असतात. हा ‘चोक’. नरसाळ्यातून धान्य पडावं तसे छर्रे एकवटून निघतात. फुल चोकमध्ये नळी आवळलेली असते जेमतेम एक मिमी. तरी ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात सुमारे ७० टक्के छर्रे!

नळी तोंडाशी कापली, की चोक गेला, संग्राहकाच्या लेखी किंमतही घसरली. विलायती बंदुकीची नळी उलटून तो लंडन-बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थांचे, ठसेही पाहतो.