रसूलियाचे क्वेकर

मध्य प्रदेशात होशंगाबादला, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला, इंग्लंडचे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी आले ते १८७०च्या दशकात. शाळा काढल्या, १८९६-९७च्या दुष्काळात अनाथ मुलं सांभाळली. इतर मिशनरी करत तेच. पंथाची घडण मात्र वेगळी. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सने उभ्या केलेल्या या पंथाच्या मूळ परंपरेत पाद्री नाही. उपासनेला सगळे गप्प बसतात. कुणाला आतून काही सुचलं तर त्याने उठून बोलावं. शस्त्र धरायचं नाही, हा दंडक. असा पंथ इथे संख्येने फोफावला नाही, यात नवल ते काय?

पण शहरालगतच्या रसूलियात त्यांनी उभारलेलं फ्रेंड्स रूरल सेंटर टिकलं. गांधीविचाराशी त्याचं चांगलं जमलं. वर्ध्याच्या सेवाग्राममध्ये नई तालीमचं, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचं, काम केलेल्या मार्जोरी साइक्स पुढे इथे राहिल्या. त्या स्वतः क्वेकर. नंतर याच शिवारात जपानी शेतकरी फुकुओकांच्या धर्तीवर बिननांगरणीची ‘ऋषी खेती’ही झाली.

माझ्या मते रसूलियाचं सर्वांत मोठं काम १९७२चं. हे केंद्र आणि ‘किशोर भारती’ ही स्वयंसेवी संस्था यांनी मिळून १६ सरकारी शाळांत विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञही मदतीला आले. पाठांतराला सुट्टी, प्रयोग मुलांनीच करायचे, परीक्षेला पुस्तक-वही उघडून बसायचं. १९७८ला कार्यक्रम जिल्हाभर पोचला. त्याच सुमारास पुण्याच्या टेल्को कंपनीतून वर्षाची रजा काढून अभियंते अरविंद गुप्ता इथे आले आणि टाकाऊ वस्तूंतून शिकवू लागले. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा बारीक तुकडा, त्यात दोन्हीकडून खुपसलेल्या काड्यापेटीच्या काड्या: झाला सांधा. चार काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. छपराच्या कैच्या त्रिकोणी का, हे मुलाला बोटांनीच कळतं.

या कार्यक्रमाला क्वेकर धर्मशिक्षण म्हणणं चूक. त्यात धर्म नव्हताच आणि त्यातली बरीच मंडळी क्वेकरही नव्हती. तरी मधला पाद्री नको म्हणणाऱ्यांच्या अंगणात मधलं घोकंपट्टीचं पुस्तक नको म्हणणारी शाळा रुजली, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

१९८२पासून ‘एकलव्य’ संस्थेने हे काम पुढे नेलं. २००२मध्ये राज्य सरकारने ते बंद केलं. तीस वर्षं चाललेला प्रयोग असा मोडणं हा करंटेपणाच होता.