कुत्री केव्हा विणार हे रक्ताच्या तपासणीवरून कसे कळते

आमच्या धानपट्ट्यात कुत्रा हा हौसेचा प्राणी नव्हे. तो शेताचा चाकर आहे. नवेगाव-नागझिऱ्याच्या रानालगत ज्यांच्या बांध्या आहेत, त्यांस धान निसवल्यावर रानडुकरांच्या कळपाची पहिली वर्दी कुत्राच देतो. अशी एखादी चांगली कुत्री गाभण राहिली म्हणजे ती कोणत्या दिवशी विणार, हा प्रश्न मालकास पडतोच. त्याचे उत्तर चुकल्यास काय होते हे आम्ही स्वतः पाहिले आहे. सबब हा विषय शेतकरी बंधूंपुढे मांडीत आहोत.

काही वर्षांमागे आमच्या घरच्या कुत्रीचा संयोग झाल्याची तारीख आम्ही भिंतीवरील पंचांगावर टिपून ठेविली होती. ६३ दिवस भरले, ६४ वा उजाडला, तरी कळांचे चिन्ह नाही. दिवस टळले असे समजून, म्हशीने पान्हा सोडावा म्हणून जे इंजेक्शन टोचतात तेच आम्ही तिला टोचविले. कुत्री रात्रभर तळमळली. सकाळी पोट फाडून पिल्ले काढावी लागली. पाचांपैकी एकच जगले. तिचे दिवस भरलेच नव्हते, असे पशुवैद्यांनी सांगितले. आमची नोंद खरी होती. मोजणीचा आरंभ मात्र चुकीच्या दिवसापासून झाला होता.

ही चूक कशी होते ते पाहू. कुत्रीचा माज पुष्कळ दिवस चालतो. नराचे शुक्रजंतू तिच्या शरीरात पाच-सात दिवस जिवंत राहू शकतात. शिवाय तिची अंडी अंडाशयातून बाहेर पडतात ती कच्ची असतात. पक्व होण्यास त्यांस आणखी दोन-तीन दिवस लागतात. म्हणून संयोग अंडी सुटण्याच्या कित्येक दिवस आधी झाला अथवा नंतर झाला, तरी गर्भ राहतो. याच कारणाने संयोगापासून मोजल्यास कुत्री ५७ व्या दिवशी विते, तशीच ७२ व्या दिवशीही विते. परंतु अंडी सुटल्याच्या दिवसापासून मोजले, तर बहुधा ६३ दिवस, फार तर एक दिवस पुढे-मागे, असा हिशेब बसतो.

अंडी सुटल्याचा दिवस डोळ्यांस दिसत नाही. तो रक्त सांगते. शरीरातील ग्रंथी जी द्रव्ये रक्तात सोडून निरनिराळ्या इंद्रियांस हुकूम पोहोचवितात, त्यांस संप्रेरके किंवा हार्मोन म्हणतात. त्यांपैकी प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवून धरणारे होय. माजाच्या आरंभी ते रक्ताच्या एका मिलीलिटरमध्ये एक नॅनोग्रॅमहून कमी असते. ते सुमारे २ वर चढले म्हणजे अंडी सुटण्यास दोनएक दिवस उरले असे समजावे. ५ च्या सुमारास गेले म्हणजे अंडी सुटली. यास्तव रक्तस्राव दिसू लागल्यावर पाचव्या-सहाव्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी रक्त तपासवावे. कित्येक प्रयोगशाळा हा आकडा नॅनोमोल प्रति लिटर या मापात देतात, त्यास ३.१८ ने भागिले असता नॅनोग्रॅमचा आकडा येतो.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. गाय फळली नाही तर तिचे प्रोजेस्टेरॉन तीन आठवड्यांच्या आत उतरते व ती पुन्हा माजावर येते. कुत्रीचे तसे नाही. ती रिकामी असली तरी तिचे प्रोजेस्टेरॉन सुमारे दोन महिने चढलेलेच असते. म्हणून या तपासणीवरून ती गाभण आहे की नाही हे ठरत नाही. त्यासाठी महिनाभराने सोनोग्राफी करावी.

गाभणपणाच्या अखेरीस हीच तपासणी पुन्हा कामास येते. पिल्ले पूर्ण वाढली म्हणजे त्यांच्याच शरीरातून इशारा निघून मातेचे प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते. ते २ नॅनोग्रॅमच्या खाली आले की बहुधा एका दिवसात कळा सुरू होतात. अद्याप चढे असेल, तर पिल्ले तयार नाहीत असे समजून घाई करू नये.

ज्यांस प्रयोगशाळा दूर पडते त्यांनी निराश होऊ नये. प्रोजेस्टेरॉन उतरले की त्याबरोबर अंगातील उष्णताही उतरते. कुत्रीची उष्णता एरवी १०१ ते १०२ अंश फॅरनहीटच्या आसपास असते. विण्यापूर्वी आठ ते चोवीस तास ती बहुधा ९९ च्या खाली जाते. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात थर्मामीटर लावून आकडा वहीत मांडीत जावा. मात्र ही उतरण अल्पकाळ टिकते, म्हणून एकही वेळ चुकवू नये.

पुढील चिन्हे दिसल्यास वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे: उष्णता उतरून चोवीस तास झाले तरी कळा नाहीत, जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू बाहेर येत नाही, पहिल्या पिल्लापूर्वीच हिरवट-काळा स्राव जातो, अथवा आत पिल्ले असता दोन तासांत दुसरे येत नाही. गर्भाशयाचे तोंड उघडलेले नसता पान्ह्याचे इंजेक्शन टोचणे म्हणजे बंद दरवाजावर आतून धक्के मारणे होय. त्याने गर्भाशय फाटण्याचेही भय असते.

तपासणीविषयी प्रथम जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. मोठ्या इलाजासाठी १९५८ साली स्थापन झालेले नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आगगाडीच्या वाटेवर आहे. प्रोजेस्टेरॉन हे माणसात व कुत्र्यात एकच द्रव्य असल्याने माणसांच्या प्रयोगशाळेतही ते मोजता येते. परंतु आकड्याचा अर्थ पशुवैद्याकडूनच समजून घ्यावा.

संयोगाची तारीख अवश्य लिहून ठेवावी. पण तिच्या भरवशावर सुई टोचू नये, एवढीच आमची विनंती आहे. चार पिल्ले गमावून आम्ही हे शिकलो. वाचकांनी ते वाचूनच शिकावे.