भुसावळ: पगारावर वसलेलं गाव

भुसावळ बहुतेकांनी पाहिलेलं असतं ते गाडीच्या खिडकीतून. दिल्लीकडे किंवा नागपूरकडे जाणारी गाडी इथे जरा जास्त रेंगाळते. लोक बाटल्या भरून घेतात, डझनभर केळी घेतात आणि गाडी हलली की गाव विसरतात. स्टेशनाबाहेर पाऊल टाकणारे थोडेच. त्यांना जो बाजार भेटतो तो पिकापाण्यापेक्षा पगारपत्रकावर जास्त चालतो.

इतिहास थोडक्यात आटोपतो. 1860 च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे इथवर आली. एक मार्ग नागपूरकडे गेला, एक खांडव्याकडे, आणि तापीजवळच्या साध्या गावाचं जंक्शन झालं. मग विभागीय कार्यालय, लोको शेड, इंजिन दुरुस्तीचा कारखाना, प्रशिक्षण संस्था. 1949 मध्ये आयुध निर्माणी आली, 1964 मध्ये वरणगावला दुसरी. दीपनगरचं वीज केंद्रही त्याच सुमाराचं. एकाच तालुक्यात इतकी सरकारी खाती म्हटल्यावर मुलीला स्थळ बघताना पहिला प्रश्न कोणता निघत असेल, ते सांगायला नको.

तापी ओलांडली की फैजपूर, सावदा, रावेर हा केळीचा मुलूख. तिथे उन्हाळी वादळात बाग आडवी झाली की घराचं वर्षच आडवं होतं. भुसावळात त्याच वादळाने पत्रे उडतात, पगार उडत नाही. 2020 च्या टाळेबंदीत फलाट ओस पडले, पण महिनाअखेरीस खात्यात रक्कम येत राहिली. महागाई भत्त्याची वाढ दीड वर्ष गोठली, हाच काय तो चटका. ‘‘त्या काळात माझी कायमवाल्यांकडची एक उधारी बुडाली नाही, भाऊ,’’ असं बाजारातले एक जुने किराणावाले सांगत होते. त्यांच्या दुकानात खरी दिवाळी दसऱ्यालाच सुरू होते, कारण रेल्वेचा 78 दिवसांचा बोनस त्या सुमाराला हाती पडतो. हिशेबाला वेतनमर्यादा असल्यामुळे तो जास्तीत जास्त 17,951 रुपयेच भरतो. पण हजारो घरांत एकदम पैसा आला की भांड्यांपासून मोटारसायकलीपर्यंत सगळ्यांचा गल्ला हलतो.

मला मात्र या गावात सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवलं ते एका पेंटरने. स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांची टपरीवजा जागा आहे. वय सत्तरीकडे झुकलेलं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ड्रायव्हर आणि गार्ड यांच्या लोखंडी लाइन बॉक्सवर नावं घालण्यात त्यांची उमेद गेली. त्या काळ्या पेटीत लाल-हिरवी निशाणं, दिवा, धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके, नियमांची पुस्तकं आणि शिवाय डबा, असा सगळा संसार असे. फलाटावर अशा पन्नास पेट्या एकाला एक लागून ठेवलेल्या. त्यातली आपली लांबूनच ओळखू आली पाहिजे, ही गिऱ्हाइकाची अट.

त्यांनी एका गंजक्या पत्र्यावर करून दाखवलं. खडू लावलेली दोरी दोन बोटांत ताणून पत्र्यावर आपटली, की वरची रेघ. पुन्हा आपटली, की खालची. मग पट्टी न लावता पांढऱ्या रंगात आधी नाव, त्याखाली हुद्दा आणि कोपऱ्यात ‘बीएसएल’, म्हणजे भुसावळचा रेल्वे कोड. अक्षर एका हातातच भरायचं. दुसरा हात दिला की कडा फुगतात, असं ते म्हणाले आणि फुगलेली कड मुद्दाम काढून दाखवली. आता लोखंडी पेट्या जाऊन चाकांच्या बॅगा आल्या. बॅगेवर कोण नाव रंगवून घेणार?

त्यांची चूल सध्या चालते ती निवृत्तांवर. ‘सेवानिवृत्त लोको पायलट’, ‘सेवानिवृत्त चार्जमन, आयुध निर्माणी’ अशा घरांच्या पाट्या ते करतात. नव्या वसाहतींतून फिरताना अशा पाट्या एका ओळीत लागतात. फंड आणि ग्रॅच्युइटीतून प्लॉट, त्यावर बंगला, गवंड्याला काम, सिमेंटवाल्याला धंदा, ही भुसावळची बांधकामाची साखळी. उरलेली रक्कम अनेकांनी जादा व्याजासाठी पतसंस्थांत ठेवली आणि जिल्ह्यातल्या काही पतसंस्था बुडाल्यावर म्हातारपणी खेटे घातले. पगार सांभाळायची सवय होती. एकरकमी पैसा सांभाळायची कोणाला असणार?

आणि पगारही पूर्वीचा राहिलेला नाही. वाफेची इंजिनं गेली तेव्हा फायरमन गेले. 1 ऑक्टोबर 2021 पासून आयुध निर्माण्यांच्या कंपन्या झाल्या. भुसावळची यंत्र इंडियाकडे, वरणगावची म्युनिशन्स इंडियाकडे. दीपनगरला 500 मेगावॅटचे दोन मोठे संच आले, पण फाटकातून आत जाणाऱ्यांत कंत्राटी कामगार भरपूर. किराणावाल्यांनी याचा हिशेब कधीच मांडलाय: कायम नोकरी असेल तर खातं, ठेकेदाराचा माणूस असेल तर रोख. कामाची जागा एक, गणवेशही जवळपास सारखा, दुकानातला भाव वेगळा.

तरीही अभ्यासिका भरलेल्या आहेत. ड्रायव्हर, ट्रॅकमन यांनी मुदतीआधी निवृत्ती घेऊन मुलाला लावायची ‘लार्सजेस’ योजना 2018 मध्ये बंद झाली, त्यामुळे वडिलांची खुर्ची आता परीक्षेतूनच मिळवायची. रेल्वेने 2019 मध्ये सर्वांत खालच्या स्तराच्या 1,03,769 जागा काढल्या, तर देशभरातून एक कोटीहून जास्त अर्ज आले आणि परीक्षा उजाडली 2022 मध्ये. तीन वर्षं एका फॉर्मवर काढलेला पोरगा अभ्यासिकेत भेटला. केळीचा धंदा का नाही करत, असं विचारलं तर हसला. घरात कोणी धंदा केलेलाच नाही, भांडवल मागायचं कोणाकडे आणि भाव विचारायचा कोणाला, एवढंच म्हणाला.

खंत वाटते ती इथे. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बागा पुलापलीकडे आहेत आणि देशाच्या तिन्ही दिशांना जाणारे रूळ दारात. रेल्वे वसाहतीत जुन्या क्वार्टरांच्या मोकळ्या जागांवर बाभळी वाढल्या आहेत. त्यातली थोडी जागा रेल्वेने आणि नगरपालिकेने मिळून केळी पिकवण्याच्या, साठवण्याच्या आणि वेफर्सच्या छोट्या कारखान्यांना भाड्याने द्यावी आणि पहिले गाळे याच अभ्यासिकांतल्या मुलांसाठी राखून ठेवावेत.