अर्धा अँटेना जमिनीत

हौशी रेडिओवाल्याला, म्हणजे ‘हॅम’ला, उभा अँटेना करायचा तर जळगावात सामानासाठी वणवण करावी लागत नाही. डिश आल्यावर गच्चीवरून उतरलेल्या टीव्ही अँटेन्यांच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या, केबलवाल्याने टाकलेली तार, मोडक्या छत्रीच्या काड्या, सगळं भंगारात सापडतं. पीव्हीसी पाइपचे तुकडे तर पाइप-कारखानदार भवरलाल जैनांच्या या गावात पैशाला पासरी. 

हिशेब सोपा. 300 ला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. तिचा चौथा हिस्सा घ्यायचा आणि त्यातून पाचेक टक्के कापायचे. 145 मेगाहर्ट्झला दांडी येते 49 सेंटिमीटरची. ती उभी करून खाली चार काड्या आडव्या लावल्या तर अँटेनाचा रोध 36 ओहमच्या आसपास राहतो. त्याच काड्या 45 अंशांत झुकवल्या की तो पन्नासाच्या जवळ येतो, आणि रेडिओला तेवढाच हवा असतो. टीव्हीची केबल 75 ओहमची, पण ही तफावत चालून जाते.

खरी गंमत लांबच्या पल्ल्याची, म्हणजे लघुलहरींची. 1942 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत सुरू झालेला भूमिगत काँग्रेस रेडिओ 42.34 मीटरवर बोलायचा. तो चालवणाऱ्या उषा मेहतांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. प्रक्षेपक जुळवणारा नरिमन प्रिंटर हा हौशी रेडिओवाला होता, हे फारसं कुणाला माहीत नसतं. त्या रेडिओची तरंगलांबी आज हॅमच्या 40 मीटर पट्ट्यात येते. तिथे उभ्या अँटेनाला दहा मीटरची दांडी लागते आणि तिचा जोडीदार असते जमीन. दांडीत जाणारा प्रवाह जमिनीतूनच परततो. जमिनीचा रोध दांडीच्या रोधाएवढा झाला, तर निम्मी शक्ती माती तापवण्यात जाते.

म्हणून बुडाशी चहूबाजूंनी तारा पसरायच्या. आरसीए या अमेरिकन कंपनीच्या ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन यांनी 1937 साली दाखवलेली 120 तारांची शिस्त प्रसारण केंद्रांसाठी ठीक. हौशी माणसाचं भंगारातल्या वीस-तीस तारांवर भागतं. इथे रोध जुळला का ते सांगणारा मीटर मात्र फसवतो. जमिनीतली गळती चौदा ओहमची असली तर 36 मध्ये ती मिळून बरोबर पन्नास होतात, मीटर शाबासकी देतो आणि शक्ती मातीत वाया जात राहते. तारा वाढवल्या की मीटरवरचा आकडा बिघडतो, अँटेना सुधारतो. नवखा इथेच तारा काढून टाकतो.

बुडाजवळची गळती तारांनी थांबते. पण क्षितिजालगत जाणारी लहर दूरवरच्या जमिनीवर अवलंबून असते, तिथे तारा पुरणार कुठवर? तिथे खानदेशाची काळी, ओल धरणारी चिकण माती कामाला येते. सह्याद्रीच्या कातळावर ही सोय नाही. चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात तेव्हा मात्र तिच्यावरही फार विसंबू नये.

प्रक्षेपण करायचं तर आधी केंद्र सरकारची परीक्षा आणि परवाना हवा. नुसतं ऐकूनही अँटेना जोखता येतो. आणि वळवाचे ढग दिसले की केबल रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवायची. दहा मीटरची ॲल्युमिनियमची दांडी विजेलाही सापडते.