खालून वर वाचायचा दगड

गावाच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात तीन-चार खणांचा कोरीव उभा दगड दिसला, तर तो खालून वर वाचायचा. तळाच्या खणात माणूस आडवा पडलेला असतो. शेजारी गाई कोरल्या असतील, तर गुरं पळवणाऱ्यांशी झुंजताना तो गेला. त्याच्या वर झुंज. मग अप्सरा त्याला वर घेऊन जातात, आणि सर्वांत वरच्या खणात तोच माणूस शिवपिंडीपुढे हात जोडून बसतो. माथ्यावर कलश, चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण. हा वीरगळ. शब्द कानडी वळणाचा. ‘कल्लु’ म्हणजे दगड.

कर्नाटकातल्या वीरगळांवर पुष्कळदा लेख सापडतो. आपल्याकडचे बहुतेक मुके. मला वाटतं, नाव कोरायची कुणाला गरजच वाटली नसावी. गेलेला कोण, कुणाचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

मुंबईत बोरिवलीजवळच्या एक्सरचे वीरगळ मात्र बघायलाच हवेत. सहा दगडांचा हा गट. त्यांतल्या काहींवर चक्क आरमारी लढाई आहे, वल्ह्यांची ओळ लावलेली गलबतं एकमेकांवर चालून जाताना. यादव राजा महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यातली तेराव्या शतकातली ही झुंज असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. सोमेश्वर समुद्रात बुडाला, असं यादवांचा मंत्री हेमाद्री सांगतो. दगडावर त्यांपैकी कुणाचंच नाव नाही. आज भोवती वस्ती दाटली आहे, तरी लोक त्यांना देव मानून पुजतात.

ही पूजाच कित्येक वीरगळांना तारून गेली. शेंदराखाली कोरीवकाम बुजतं, हे खरं. पण ज्यांना शेंदूर लागला नाही, ते पायरीत बसवले गेले, धुण्याचे दगड झाले, जीर्णोद्धारात राडारोड्याबरोबर गेले. साताऱ्याजवळच्या किकलीत भैरवनाथाच्या आवारात वीरगळांची रांगच उभी आहे. तिथे गेल्यावर कळतं, एकेका गावानं किती माणसं दिली.

त्याच जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी हे गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथले 46 जण कामी आले. त्यांचं स्मारक गावात आहे.

नाशिकला दगडाचीही गरज पडत नाही. घराण्यातल्या वीराचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावरची प्रतिमा, देवघरात असतो. धुळवडीच्या दिवशी तो हातात घेऊन, वाजतगाजत गोदावरीवर नेतात, न्हाऊ घालतात आणि पुन्हा घरी आणून देवांच्या ओळीत बसवतात.