कुंपणाची हमी : वर्षे नव्हे, अटी पाहाव्यात

नव्या घराभोवती तारजाळीचे कुंपण घालताना ग्राहक सहसा दर आणि हमीची वर्षे एवढेच ताडून पाहतो. परंतु हमीचे खरे मोल तिच्या अटींत असते.

समजा, ४०,००० रुपयांच्या जाळीस दहा वर्षांची, पण दरवर्षी दहा टक्क्यांनी घटणारी हमी आहे. चार वर्षांनी जाळी गंजल्यास २४,००० रुपयेच मिळतील. मजुरी ग्राहकाच्या माथी. मजुरीसह जाळी बदलून देणारी पाच वर्षांची हमी येथे सरस ठरते.

जाळीची हमी उत्पादकाची, तर खांब रोवण्याच्या कामाची हमी कंत्राटदाराची. दोन्ही स्वतंत्रपणे लेखी घ्याव्यात. तारेवरील जस्ताचा लेप खाऱ्या हवेत लवकर झिजतो. म्हणून किनारपट्टीच्या ग्राहकाने आपला भाग हमीतून वगळलेला नाही ना, हे आधीच पाहावे.

बिल व हमीपत्र जपून ठेवावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तेथे तोंडी आश्वासनापेक्षा लेखी शब्दच उपयोगी पडतो.